शकुनीचा युक्तिवाद

आंतरजालावरील पत्त्यांच्या जुगाराचा विषय निघाला की मराठीचा अध्यापक दुसऱ्याच वाक्यात द्यूतसभेत जाऊन बसतो. फासे पडतात, शकुनी जिंकतो, युधिष्ठिर संपत्ती, राज्य, भाऊ, स्वतः आणि अखेर द्रौपदी पणाला लावतो, आणि व्यसनाने माणसाचे काय होते हे श्रोत्यांना पुरेसे समजले असे गृहीत धरून व्याख्यान आटोपते. हे व्याख्यान आम्ही दोघांनीही अनेकदा दिले आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत दिले आहे, वर्गात मुक्तेश्वरांचे सभापर्व शिकवताना ओघात दिले आहे. आज आमचे मत असे आहे की हे व्याख्यान दिशाभूल करणारे आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध आपण ते देतो त्यांच्याच ते पथ्यावर पडते. व्यवसायबंधूंना हे रुचणार नाही याची कल्पना आहे.

मत बदलण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या विभागातील एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी परीक्षेचा अर्ज भरायला आला नाही. चौकशी करता कळले की शुल्काचे पैसे, आणि त्याखेरीज बहिणीने पाठवलेले पैसे, त्याने भ्रमणध्वनीवरच्या पोकरमध्ये घालवले होते. आम्ही त्याला बोलावून घेतले आणि अर्थातच धर्मराजाची गोष्ट सुनावली. त्याने ती शांतपणे ऐकली. मग म्हणाला, "मॅडम, धर्मराजाला मध्येच पत्ते टाकून उठता येत नव्हतं. मला प्रत्येक वेळी येत होतं. त्याचंच वाईट वाटतं."

आम्हाला उत्तर देता आले नाही, कारण तो नेमके काय म्हणत होता हे आम्हाला कळलेच नव्हते. पोकर म्हणजे तीनपत्तीची विलायती बहीण, एवढेच आमचे ज्ञान. शेवटी त्यानेच आमच्या टेबलावरचा एक पाठकोरा कागद ओढून घेऊन खेळ समजावून सांगितला. पुढच्या दोन परिच्छेदांतील माहिती मूळची त्याची आहे. ती आम्ही नंतर पडताळून घेतली. ज्यांना पत्त्यांचा तिटकारा आहे त्यांनीही ती वाचावी अशी विनंती आहे. अलंकार समजून न घेता कवितेवर बोलणाऱ्याला आपण वर्गात काय म्हणतो ते आठवावे.

आंतरजालावर सर्वाधिक खेळला जाणारा पोकरचा प्रकार म्हणजे 'टेक्सास होल्डेम'. (रॉब्सटाउन हे टेक्सासमधील गाव त्याचे जन्मस्थान, असे तिथल्या विधिमंडळाने २००७ मध्ये ठराव करून मान्य केले आहे.) डावाच्या आरंभी दोन खेळाडूंना पत्ते पाहण्यापूर्वीच ठरावीक रक्कम मध्ये टाकावी लागते. पहिल्याची रक्कम लहान, दुसऱ्याची साधारण दुप्पट. ही सक्ती डावागणिक पुढच्या खेळाडूकडे सरकते, म्हणजे नुसते बसून राहायलाही भाडे पडते. मग प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि पैजेची पहिली फेरी सुरू होते. पाळी येईल त्याने समोरच्या सर्वांत मोठ्या रकमेइतकी भर घालायची, याला कॉल म्हणतात. किंवा ती रक्कम वाढवायची, हा रेझ. किंवा पत्ते टाकून डावातून बाहेर पडायचे, हा फोल्ड. फेरी केव्हा संपते हे नीट पाहण्यासारखे आहे. सगळ्यांची एकेक पाळी झाली म्हणून ती संपत नाही. डावात उरलेल्या सर्वांची भर सारखी होईपर्यंत ती चालते, आणि शेवटच्या माणसाने रक्कम वाढवली की आधी भरून निश्चिंत बसलेल्यांनाही पुन्हा विचारले जाते: भरता, वाढवता की उठता?

त्यानंतर टेबलाच्या मध्यभागी तीन पत्ते उघडे मांडले जातात. तो फ्लॉप. ते सर्वांचे सामाईक. पुन्हा एक फेरी. या फेरीपासून पुढे, कोणी पैज लावलेली नसेल तर काही न भरता पाळी पुढे ढकलण्याची, म्हणजे चेक करण्याची, मुभा असते. चौथा पत्ता उघडतो, तो टर्न, पुन्हा फेरी. पाचवा, तो रिव्हर, शेवटची फेरी. मग उरलेल्यांनी आपापले पत्ते दाखवायचे, आणि हातातले दोन व टेबलावरचे पाच अशा सातांतून ज्याची पाच पत्त्यांची जुळणी सर्वांत वरचढ, त्याने साचलेली सगळी रक्कम न्यायची. एकाखेरीज सर्वांनी आधीच पत्ते टाकले असतील, तर उरलेला काहीही न दाखवता रक्कम नेतो. मर्यादाविरहित प्रकारात कोणत्याही फेरीत कोणीही आपल्यासमोरचे सर्व काही एकदम पुढे सरकवू शकतो.

गणपतीच्या जागरणात मंडपामागे तीनपत्ती खेळलेल्यांना यातला फरक चटकन कळेल. तीनपत्तीत पत्ते एकदा वाटले की वाटले. त्यानंतर चाल वाढत जाते, पत्ते बदलत नाहीत. ब्लाइंड खेळणारा आपले पत्ते उचलून पाहील तेवढीच काय ती नवी बातमी. होल्डेममध्ये प्रत्येक दोन फेऱ्यांच्या मध्ये एक नवी बातमी येऊन पडते. हरत चाललेल्या माणसाला दर वेळी आशेचे नवे कारण मिळते आणि त्याचा दरही लगेच सांगितला जातो.

त्या विद्यार्थ्याने स्वतःचा एक डाव कागदावर मांडून दाखवला. सक्तीची रक्कम ५ आणि १० रुपये. तो दहाच्या जागी. हातात बदामाचा राजा आणि बदामाची सत्ती. एकाने ३० केले, आणखी एकाने ३० भरले, पाचवाल्याने पत्ते टाकले, याने आपल्या दहावर वीस घालून भरणा पुरा केला. मध्ये ९५ रुपये झाले. फ्लॉपला इस्पिकचा एक्का, बदामाची नव्वी, बदामाची चौकी. म्हणजे याची बदामाची चार पाने झाली. पाचवे आले तर बहुधा डाव याचा. पहिल्याने ६० लावले, दुसरा उठला. याने हिशेब केला. न दिसलेली पाने ४७, त्यांत बदामाची ९, आणि पत्ते अजून दोन यायचे. तेव्हा बदाम येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. मध्ये १५५ असताना ६० भरून ३५ टक्के हा सौदा वाईट नाही. हिशेब बरोबर आहे. पण हे ३५ टक्के दोन पत्त्यांचे आहेत आणि ६० रुपयांत त्याला एकच पत्ता पाहायला मिळणार आहे. त्या एका पत्त्याची शक्यता १९ टक्के. दुसऱ्या पत्त्याच्या वाटेवर आणखी एक फेरी उभी आहे. टर्नला किलवरची तिर्री आली. समोरच्याने १५० लावले. आता ४६ पानांत ९, म्हणजे वीस टक्क्यांहूनही कमी. आणि १५० भरणे परवडायला २९ टक्के तरी हवेत. त्याने भरले. "इतके घातलेच होते." रिव्हरला चौकटचा राजा आला. बदाम आला नाही, पण राजांची जोडी झाली. समोरच्याने उरलेले ३०० मागितले, याने दिले. त्याच्याकडे एक्का होता. दहा रुपयांच्या सक्तीपासून सुरू झालेला डाव ५४० रुपयांना पडला होता, आणि त्यातले ५३० त्याने स्वतःच्या बोटाने कळ दाबून, चार वेगवेगळ्या वेळी, संमतीने दिले होते.

पैजेच्या फेऱ्यांचे खरे काम हेच आहे. अर्धी शक्यता विकायची, आणि गिऱ्हाईक पुरती शक्यता घेतल्याच्या समाधानात असताना उरलेली अर्धी वाढीव भावाने पुन्हा विकायची. प्रत्येक हप्त्याला 'उठायचे असेल तर उठा' हे बटण शेजारीच असते. सोडतीच्या तिकिटात हरलेला माणूस नशिबाला दोष देऊ शकतो. होल्डेममध्ये हरलेल्याच्या हाती स्वतःखेरीज कोणी उरत नाही. "मला प्रत्येक वेळी येत होतं" हे त्या मुलाचे वाक्य पश्चात्तापाचे वाटले, तरी ते त्याने खेळाच्या रचनेकडून शिकलेले वाक्य होते. आणि आम्ही त्याला व्यसनाधीन युधिष्ठिर दाखवून तेच वाक्य अधिक घट्ट करत होतो. दोष तुझ्या स्वभावात आहे, असेच जाहिरातीखालचा 'जबाबदारीने खेळा' हा बारीक टाइपातला इशाराही सांगत असे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. आमचे काही मित्र, त्यांत एक गणिताचे प्राध्यापकही आहेत, असे म्हणतात की वरील डावात खेळाचा काय दोष? मुलाला शक्यतेचे गणित नीट आले नाही. पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, बुद्धिबळासारखा. यातले पहिले आम्ही मान्य करतो. पोकरमध्ये कौशल्य आहे, भरपूर आहे. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' या संगणकप्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत निर्विवाद हरवले. निव्वळ नशिबाच्या खेळात असे होणे शक्य नाही. बुद्धिबळाशी तुलना मात्र टिकत नाही, आणि ती का टिकत नाही हे फेऱ्यांकडे पाहिले की कळते. बुद्धिबळातून पैसा काढून टाका, खेळाचे एक प्यादेही हलत नाही. ब्रिजचेही तेच. पोकरमधून पैसा काढून टाका आणि फेऱ्या कोसळतात. फेसबुकवर २००७ साली आलेल्या झिंगा पोकरमध्ये जिंकलेल्या चकत्यांचे पैसे होत नाहीत, आणि फुकटच्या चकत्यांचे टेबल ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक आहे की तिथे पहिल्याच फेरीत दोनतीन जण सगळे काही पुढे लोटून मोकळे होतात. पुढे करायला काही उरतच नाही. पाने उलगडतात तेवढी पाहायची. होल्डेममध्ये पैज ही खेळाची भाषा आहे, आणि बोलण्याला किंमत पडेनाशी झाली की भाषेचा कोलाहल होतो. म्हणून या खेळातले कौशल्य हे दुसऱ्याचे पैसे त्याच्या संमतीने आपल्याकडे आणण्याचे कौशल्य आहे. ते बुद्धीचे काम नाही असे कोण म्हणेल?

आणि इथे आमचा मुख्य आक्षेप येतो. 'हा कौशल्याचा खेळ आहे, म्हणून तो जुगार नाही, म्हणून तो निर्धोक आहे' ही साखळी गेली दहाबारा वर्षे आपल्या कानांवर आदळत होती. तिच्यातला शेवटचा दुवा उलटा बसवलेला आहे. खेळ जितका नशिबाचा, तितकी नवख्याला संधी जास्त. सोडतीच्या तिकिटापुढे प्राध्यापक आणि पानवाला सारखेच. खेळ जितका कौशल्याचा, तितके नवख्याचे हरणे निश्चित. एखादा डाव तो जिंकेल, पाचशे डावांत नाही. प्रत्यक्ष टेबलावर तासाभरात साधारण पंचवीसतीस डाव होतात. पडद्यावर पत्ते पिसायला आणि वाटायला वेळच लागत नाही, विचार करायला मोजके सेकंद मिळतात, त्यामुळे डाव दुपटीहून अधिक होतात, आणि कसलेला खेळाडू एकाच वेळी चारचार टेबलांवर बसतो. पाचशे डाव फार लांब नसतात. आणि प्रत्येक मोठ्या डावातून मंच आपला टक्का कापून घेतो, त्याला रेक म्हणतात. त्यासाठी मंचाला कसलेही कौशल्य लागत नाही. नवख्याला 'हा कौशल्याचा खेळ आहे' असे सांगणे म्हणजे नदीला ओढ फार आहे म्हणून निश्चिंतपणे उडी मार, असे सांगणे होय.

कायद्यानेही हा शब्द दीर्घकाळ सांभाळला. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पत्त्यांचा खेळ नशिबाचा. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगाराच्या व्याख्येतून बाहेर ठेवले. गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तोच पोकर जुगार ठरवला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने आंतरजालावरील पैशांच्या खेळांना बंदी करणारा कायदा केला आणि त्यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा प्रश्नच बाजूला सारला. त्याला न्यायालयांत आव्हानही दिले गेले. त्यानंतर अनेकांनी आम्हाला विचारले, आता कशाला हा विषय? आमचा विषय तो कायदा नाही. शब्द आहे. व्याख्येतून वगळला म्हणून शब्द मनातून जात नाही.

'कुशल' शब्दाची व्युत्पत्ती साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. काव्यप्रकाशात मम्मटाने रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला आहे: मुळात कुश म्हणजे दर्भ आणणारा, त्यावरून निपुण. दर्भाच्या पात्याला धार असते, म्हणून तो आणताना हात कापून न घेणारा तो कुशल, असे परंपरेने त्यावर सांगितले जाते. (विश्वनाथाला हे उदाहरण मान्य नव्हते, तो वाद इथे नको.) एकाच्या निपुणतेने दुसऱ्याचा हात कापला जात असेल तर त्याला काय म्हणावे, हे मम्मटाने सांगितलेले नाही. व्यासांनी सांगितले आहे.

सभापर्वातला द्यूतापूर्वीचा संवाद आपण वर्गात फार घाईने ओलांडतो, कारण आपल्याला वस्त्रहरणापर्यंत पोहोचायचे असते. युधिष्ठिर म्हणतो की द्यूतातली निकृती, म्हणजे कपट, हे पाप आहे. त्यात क्षत्रियाचा पराक्रम नाही. शकुनीचे उत्तर वाचताना आम्ही दोघे थक्क झालो. तो कपट नाकारत नाही, त्याची व्याख्याच बदलतो. ज्याला संख्या कळते, डावपेच कळतात, जो फाशांच्या व्यवहारात थकत नाही, तो या खेळात सर्व काही निभावून नेतो, असे तो आधी म्हणतो. पुढे म्हणतो, विद्वान अविद्वानावर मात करतो तेव्हा लोक त्याला कपट म्हणतात का? आणि शेवटी: तुला हे कपट वाटत असेल, भय वाटत असेल, तर खेळू नकोस, मागे फिर. खेळ कौशल्याचा आहे, वरचढ जाणकाराने अजाणत्याला हरवणे न्याय्य आहे, आणि उठण्याचे स्वातंत्र्य तुला आहेच, हे सगळे युक्तिवाद शकुनीने पहिला फासा टाकण्यापूर्वीच करून ठेवले होते. आव्हान आल्यावर मागे फिरायचे नाही हे युधिष्ठिराचे व्रत त्याला ठाऊक होते, म्हणूनच दार उघडे ठेवणे त्याला परवडले.

म्हणजे आमचा विद्यार्थी एका ठिकाणी चुकला होता. धर्मराजालाही उठता येत होते, एकदा, दारातच. होल्डेमने ते दार प्रत्येक फेरीत उघडे ठेवले, एवढीच प्रगती. आणि आम्ही त्याहून मोठी चूक केली होती. द्यूतसभेची तुलना चूक नव्हती, आमचे बोट चुकीच्या पात्राकडे होते. हरणाऱ्याच्या स्वभावाचे विश्लेषण करण्यात तास संपत असे, आणि शकुनीचे भाषण खलनायकाचे म्हणून न वाचताच सोडून दिले जाई.

नलाचीही अशीच उपेक्षा आम्ही केली आहे. रघुनाथ पंडितांमुळे मराठी विद्यार्थ्याला नल भेटतो तो हंसाच्या आणि स्वयंवराच्या संगतीत. पुष्कराशी झालेले द्यूत आणि वनवास त्या आख्यानाबाहेरच राहतात. वनपर्वात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे मोजून सांगतो आणि नल रथ थांबवून ती पडताळून पाहतो. फाशांचे रहस्य, अक्षहृदय, त्याच्याकडून मिळवल्यावर तोच नल पुष्कराला एका डावात हरवतो. दोन द्यूतांच्या मध्ये नलाचा स्वभाव फारसा सुधारलेला नाही. त्याला मोजता येऊ लागले आहे. अर्थात कलीही त्याच वेळी त्याच्या अंगातून निघून जातो आणि बेहड्यात शिरतो, पण या दोन्ही गोष्टी एकाच झाडाखाली घडाव्यात हे कथाकाराने उगाच केलेले नाही.

त्या विद्यार्थ्याचे शुल्क विभागातल्या सर्वांनी मिळून भरले आणि तो परीक्षेला बसला. बहिणीचे पैसे तो अजून फेडतो आहे. आम्ही त्यानंतरच्या वर्षी अभ्यास मंडळाच्या बैठकीत सुचवले की मध्ययुगीन मराठी वाङ्मयाच्या प्रश्नपत्रिकेतील 'द्यूतप्रसंगाच्या आधारे युधिष्ठिराचे व्यक्तिचित्र रेखाटा' हा वर्षानुवर्षे पडणारा प्रश्न काढून त्याजागी शकुनी व युधिष्ठिर यांच्या संवादावर प्रश्न असावा, आणि त्यासाठी मूळ सभापर्वातील त्या अध्यायाचा अनुवाद संदर्भ म्हणून लावावा. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले की शकुनीची बाजू विद्यार्थ्यांना शिकवून आपण काय साधणार. दुसऱ्यांनी लक्षात आणून दिले की त्या प्रश्नाच्या तयार उत्तरांची मार्गदर्शके बाजारात आहेत आणि मुलांची गैरसोय होईल. विषय पुढील बैठकीत घ्यावा असे ठरले. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षेत तोच प्रश्न पुन्हा आला, पंधरा गुणांना.